बेंजो बंद होणार नाही

पीएचडीला नाव नोंदवलं त्या दिवशी मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या उल्हासनगरच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं, आणि आल्या आल्या एका वाद्याला यंत्र समजून बसलो. दोष अगदी माझा एकट्याचा नव्हता. तराजू आणि पीएच मीटर यांच्या मधोमध एक लांबट काळी पेटी उघडी पडली होती. आत तारा ताणलेल्या, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, बाजूला एक वायर, वायरीला पिन. अशी वस्तू प्रयोगशाळेत दिसली तर ती काहीतरी मोजत असणार, असंच कोणीही होतकरू संशोधक धरून चालेल. मी जरा जास्तच होतकरू होतो. पाठमोरी उभी राहून फ्लास्क विसळणाऱ्या मुलीला मी अदबीने विचारलं, मॅडम, ह्याचं कॅलिब्रेशन कसं करता?

ती वळली. तिने आधी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या इस्त्रीकडे.

"कान पिळून," ती म्हणाली.

"आणि हे मोजतं काय?"

"पब्लिकचा दम."

ही करुणा. मला दोन वर्षं सीनियर, म्हणून मी तिला करुणाताई म्हणायचो. ती मला आठवडाभर पराग म्हणाली, नंतर मी पऱ्या झालो तो आजतागायत. आणि ती पेटी म्हणजे तिचा बेंजो.

आमच्या बाजूचे नसाल तर थोडं सांगायला हवं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लग्न लागतं भटजींच्या नाहीतर भन्तेजींच्या साक्षीने, पण हळद लागते ती बेंजोच्या. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, आणि समोर माणसाएवढे स्पीकर लावून सगळ्या आळीला नाचवायचं. करुणाताईच्या पप्पांची अशी बेंजो पार्टी होती. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, स्वतः ढोलकीवर बसायचे. पार्टीची तालीम वस्तीतल्या विहाराशेजारच्या खोलीत. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, बाकी वर्षभर हळदी. कार्यक्रम ठरला की त्याला सुपारी घेतली म्हणतात, आणि एकदा सुपारी घेतली की ताप असो, परीक्षा असो, पार्टी जाणार म्हणजे जाणार. पार्टी न आल्याने हळद सुनी गेली, हा डाग पुसायला म्हणे दोन पिढ्या लागतात. हे मला तिच्या पप्पांनी सांगितलं होतं, आणि सांगताना ते हसत नव्हते.

या पार्टीत बेंजोवर करुणाताई. बायका गातात, कोरसला असतात, पण बेंजोवर बाई आमच्याकडे तरी मी दुसरी पाहिली नाही.

तिची बोटं रिकामी राहत नसत. आमच्या कामात वाट बघण्याचा भाग फार. काचेच्या उभ्या नळीत पांढरी पूड भरायची, वरून मिश्रण सोडायचं, ते थेंबाथेंबाने खाली येताना त्यातले पदार्थ वेगवेगळे होतात. याला कॉलम म्हणतात. हा कॉलम तास न् तास टपकत असतो आणि पुढ्यात बसलेला संशोधक हळूहळू म्हातारा होत असतो. करुणाताई त्या वेळात ओट्याच्या कडेवर डाव्या हाताची बोटं चालवायची. नवं गाणं बसवायची. नजर कॉलमवर, बोटं कडेवर. गळ्यातल्या आयकार्डच्या मागे, तिच्या फोटोच्या पाठीला पाठ लावून, जुन्या एटीएम कार्डातून कापलेली नखी खोचलेली असायची.

हे बघून मलाही वाटलं की आपणही दोन गोष्टी एकदम कराव्यात. मी कॉलम लावून वडापाव आणायला गेलो. परत आलो तेव्हा वरचं द्रावण संपून कॉलम सुकला होता, त्याला उभी भेग गेली होती, आणि माझं पंधरवड्याचं काम त्या भेगेत कुठेतरी होतं. करुणाताईने बघितलं आणि माझ्या हातातला एक वडापाव काढून घेतला. म्हणाली, दोन गोष्टी एकदम करायच्या तर दोन्हीकडे लक्ष लागतं रे, तुझं एकीकडेही नव्हतं.

आमचे गाइड म्हणजे सर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात ते तसे वाटतील. सकाळी सर्वांत आधी यायचे, विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या खिशातून रसायनं मागवायचे, कोणाचा पेपर नाकारला गेला तर त्याच्याआधी स्वतः जेवण टाकायचे. फक्त त्यांचं एक मत होतं, की पीएचडी म्हणजे व्रत. माझ्या पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, छंद काय? मी म्हणालो, वाचन. ते म्हणाले, कमी करा. मी त्याच दिवशी कमी केलं. वाचलेला वेळ मी मोबाइलमध्ये आणि खुर्चीत पेंगण्यात सत्कारणी लावला, आणि त्याबद्दल सरांनी मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. पेंगणं हा छंद नव्हे.

करुणाताईला मात्र दर सोमवारी ऐकावं लागायचं. विज्ञानाला सवत चालत नाही, हे सरांचं ठेवणीतलं वाक्य. एकदा ती शांतपणे म्हणाली, मी दोघींना नांदवते आहे सर, भांडण झालंच तर तुम्हाला बोलावते. आम्ही सगळे आपापल्या फ्लास्कमध्ये तोंड घालून हसलो. सर हसले नाहीत.

मी तिला पहिल्यांदा वाजवताना ऐकलं ते बदलापूरला, बेलवलीत. एका जमीनदार घरातली हळद होती, मांडव केवढा तर क्रिकेटची मॅच व्हावी. पार्टीचं पाठीवर नाव लिहिलेलं चमचमतं लाल जाकीट घालून ती स्पीकरच्या मागे बसली होती. प्रयोगशाळेत जिच्या पांढऱ्या कोटावर एक डाग मी कधी पाहिला नव्हता, तिच्या गालाला, कपाळाला, कानामागे हळद फासलेली. सुरुवातीला मांडव थंडच होता. म्हातारे खुर्च्यांवर, बायका कडेला, पोरं मोबाइलवर. नवऱ्या मुलाच्या काकांनी तर तोंडावरच विचारलं, "पोरगीच वाजवनार का? मानूस नाय मिलाला?" एकच गाणं ती सावकाश, जवळजवळ आळसावून, वाजवत राहिली. मी अस्वस्थ झालो, जवळ जाऊन म्हटलं, काहीतरी फास्ट घे ना ताई. तिचं उत्तर नंतर आमच्या प्रयोगशाळेत म्हणीसारखं झालं.

"रिॲक्शन काय नि पब्लिक काय, तापायला वेळ द्यावा लागतो."

मग तिने पप्पांकडे नुसतं बघितलं आणि ढोलकी दुप्पट झाली. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी नाचत होतो. मी नाचत नाही. माझ्या स्वतःच्या मुंजीत मी नाचलो नव्हतो. पण मला आठवतं की तेच काका माझ्या खांद्यावर हात टाकून नाचत होते, आणि मला विचारत होते, "ती पोरगी कोनाची रं?" आणि मी अभिमानाने ओरडून सांगत होतो, की आमच्या लॅबची आहे, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची.

पुढे कॉलेजच्या वार्षिक समारंभात एक प्रसंग घडला. भौतिकशास्त्रातल्या एका पीएचडीच्या मुलीने सतार वाजवली. चांगली वाजवली. दुसऱ्या दिवशी सर आमच्यासमोर तिचं कौतुक करत होते, की संशोधन सांभाळून कलेची अशी साधना करणं म्हणजे केवढी गोष्ट. सगळे माना डोलावत होते, मी तर सर्वांत जोरात. करुणाताई तेव्हा तराजूवर काहीतरी तोलत होती. तिने तराजूचं काचेचं दार लावलं.

"सर, तिची साधना आणि माझा धिंगाणा. हा फरक तारांत आहे की वस्तीत?"

प्रयोगशाळेतला पंखा कुरकुरतो हे मला त्या दिवशी कळलं. सरांचा चेहरा रागावलेला नव्हता, पकडल्यासारखा होता, आणि ते जास्त धोक्याचं होतं. त्यानंतर ते सवतीचं वाक्य बोलले नाहीत. बोललेच नाहीत फारसं.

आता माझ्या कामगिरीकडे येतो.

करुणाताईचा प्रबंध लिहून झाला होता. नोंदणीची मुदत महिनाअखेरीस संपत होती. त्याआधी सारांशावर सरांची सही होऊन तो विद्यापीठात जायला हवा होता, नाहीतर इतक्या वर्षांचं काम पुन्हा नव्या नोंदणीच्या दारात जाऊन बसणार. सर सही आज करू, उद्या करू करत होते. अशातच एका शनिवारी दुपारी त्यांनी अचानक सगळ्यांची बैठक बोलावली. करुणाताई नव्हती. तिच्याच वस्तीत संध्याकाळी हळद होती, सुपारी दोन महिन्यांपूर्वीची. सरांनी विचारलं, करुणा कुठे आहे?

माझ्याकडे बघून विचारलं. दुसऱ्या कोणाकडे बघितलं असतं तर इतिहास वेगळा झाला असता. खरं सांगितलं तर सही गेली, असं मला वाटलं. गप्प बसलो तरी गेली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर हळदीचा मांडव होता, त्यामुळे तोंडातून जे निघालं ते त्याच रंगाचं निघालं. मी म्हणालो, सर, तिला कावीळ झालीय.

सर गंभीर झाले. कधीपासून? मी म्हणालो, डोळे पिवळे आहेत, सर. एकदा खोटं बोलायचं ठरलं की मी कंजूषपणा करत नाही. मी भूक नाहीशी केली, अंगात ताप आणला, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं हेही घातलं. बैठक लवकर संपली. मी स्वतःवर इतका खूश होतो की हळद ऐकायला थेट तिच्या वस्तीत गेलो.

वर म्हटलं ना, सर माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर घरी गेला असता. पण आपल्या विद्यार्थिनीला कावीळ झाली म्हटल्यावर सर आधी घरी गेले, त्यांच्या मिसेसनी कुठल्याशा गावच्या वैदूकडून आणून ठेवलेली काविळीची माळ काढून दिली, वाटेत त्यांनी उसाच्या रसाची बाटली घेतली, आणि एका हातात माळ, एका हातात रस असे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पत्ता विचारत विचारत वस्तीत आले. गल्लीच्या तोंडाशी एका मावशीला त्यांनी विचारलं, करुणाचं घर कुठलं? मावशी म्हणाल्या, घर कशाला, ती काय समोर वाजवतेय ना.

मी मांडवात नाचायच्या बेतात होतो. सर दिसले तसा मी स्पीकरच्या मागे गेलो. त्या स्पीकरच्या मागे मी जो वेळ काढला त्याने माझा डावा कान अजून जरा मागे आहे. सर मांडवाच्या कडेला उभे. समोर करुणा, नखशिखांत पिवळी. तिने सरांना बघितलं. मला वाटलं, आता वाजवणं थांबेल. नाही थांबलं. नवऱ्याला हळद लागत होती, पाच सुवासिनींमधली तिसरी पुढे आली होती, आणि हळद लागत असताना बेंजो मध्येच तोडत नाहीत. तिने मान झुकवून सरांना नमस्कार केला आणि वाजवत राहिली. तेवढ्यात नवऱ्याच्या आत्याला दिसलं की कोणी साहेब माणूस हार घेऊन ताटकळत उभा आहे. तिने प्रेमाने सरांच्या हातातली माळ घेतली आणि नवऱ्याच्या गळ्यात घातली. रसाची बाटलीही आत गेली. सर तोंड उघडेपर्यंत फोटो निघाला होता. त्या मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो आजही काविळीच्या माळेत बसलेला आहे, आणि पाठीमागे आमचे सर आहेत.

पाचवी सुवासिनी झाली, मग गाणं पुरं झालं, मग ती उठून सरांपाशी आली. मी कान लावला, उजवा.

"कावीळ?" सर म्हणाले.

"कोणाला, सर?"

"तुला."

"नाही. मी सकाळीच तुम्हाला मेसेज टाकला होता. आज हळद आहे, येणार नाही म्हणून."

सरांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला. मेसेज वाचायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो तिथे, मांडवात उभं राहून वाचला. माझी सगळी रचना, ताप, भूक, पिवळे डोळे, एका ओळीत जमीनदोस्त झाली. ती खरं बोलून मोकळी झाली होती, आणि मी तिला वाचवण्यासाठी दुपारभर घाम गाळत होतो. सर गेल्यावर तिने स्पीकरच्या मागे न बघताच हाक मारली, "पऱ्या, बाहेर ये. आणि माझ्यासाठी पुन्हा आजारी पडू नकोस."

सोमवारी सरांनी तिला आमच्या सर्वांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, इथे म्हण, की बेंजो बंद. मग सही.

तिने विचारलं, सबमिट होईपर्यंत बंद, की कायमचा? ते म्हणाले, कायमचा. आज सोडलास तर उद्या शास्त्रज्ञ होशील.

ती म्हणाली, नाही म्हणणार.

पुढचे दिवस आम्ही सगळे तिला शहाणपण शिकवत होतो. नुसतं म्हण ना, कोण बघायला येतंय? सही झाली की वाजव खुशाल. तिचे पप्पासुद्धा म्हणाले, की बाय, शब्दच आहे, बोलून टाक. ज्या पप्पांच्या लेखी सुपारी म्हणजे शब्द, त्यांनी असं म्हणावं, म्हणजे ते किती घाबरले होते बघा. ती त्यांना म्हणाली, की खोटं बोलून वाजवायचं असतं तर इतकी वर्षं खोटं बोलूनच वाजवलं असतं, तेव्हा त्रासही कमी झाला असता.

मला मात्र एक नामी कल्पना सुचली होती. माझ्या कल्पना नामीच असतात. मी तिला म्हटलं, ताई, सरांना सांग की घर बेंजोवर चालतं. पप्पा रिटायर, पैशांची गरज. सर विरघळतील, हळवा माणूस आहे. तुझी सही दहा मिनिटांत होईल.

ती रागावलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मोठ्याने बोलली नाही. हातातला फ्लास्क घासायचा ब्रश खाली ठेवला.

"गरिबी सांगितली की सही मिळते, माहीत आहे मला. सगळ्यांना आमच्याकडून तेवढंच ऐकायचं असतं. घर पेन्शनवर चालतं, पऱ्या. मी वाजवते कारण मला आवडतं. सतारवालीला एवढं कारण पुरतं. मलाही एवढंच पुरलं पाहिजे. दुसरं मी देणार नाही."

मी माझी नामी कल्पना घडी करून खिशात ठेवली.

महिना संपत आला तेव्हा ती स्वतः सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, आणि मी दाराजवळच्या कपाटात काहीतरी शोधत होतो, काय ते मला अजून सापडलेलं नाही. ती म्हणाली, सर, माझ्या कामात चूक काढा. चूक असेल तर सही करू नका, मी नव्याने नोंदणी करीन. पण चूक कामात काढा.

सरांनी प्रबंध ओढला. त्यांनाही ही भाषा कळत होती. दोन दिवस ते वाचत बसले, आणि तिसऱ्या प्रकरणावर बोट ठेवलं. हा पदार्थ इतका शुद्ध, असा सुरेख स्फटिक होऊन येतो यावर माझा विश्वास नाही. माझ्यासमोर करून दाखव.

तिने करून दाखवलं. सर स्टुलावर बसले, आम्ही भिंतीला लागून उभे, जणू कोणाचं ऑपरेशन चाललंय. फ्लास्क तापायला लागला तशी तिची डाव्या हाताची बोटं ओट्यावर चालू झाली. मी डोळे मिटून घेतले. सर म्हणाले, हाताचं ते बंद कर. ती म्हणाली, "हात रिकामा आहे सर. काम आलं की आपोआप थांबेल." आणि पिपेट उचलायची वेळ आली तेव्हा हात आपोआप थांबला, थेंब न सांडता काम झालं, पिपेट ठेवली, बोटं परत चालू. सर आता फ्लास्ककडे कमी आणि त्या हाताकडे जास्त बघत होते.

संध्याकाळ झाली. फ्लास्कमध्ये स्फटिक नव्हते. तळाशी तांबूस, चिकट तेल. सर उठले. बघ, म्हणाले. फक्त एवढंच. मला तरी वाटलं, संपलं.

करुणाताईने स्फटिकांना धरायला जागा मिळावी म्हणून काचेच्या कांडीने फ्लास्क आतून जरासा खरवडला, बूच लावलं, सावलीत ठेवला आणि कोट काढून खुंटीला लावला. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला हळद होती, टेम्पो खाली उभा होता.

"हे असं टाकून जाणार?" सरांना खरंच पटत नव्हतं. "तुझं सगळं या फ्लास्कमध्ये आहे."

"मी बघत बसले म्हणून स्फटिक लवकर येत नाहीत, सर," ती म्हणाली. "सकाळी बघू."

आणि गेली. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. सर फ्लास्कसमोर बसून राहिले. निष्ठा दाखवावी म्हणून मीही बसलो आणि थोड्याच वेळात पेंगलो. जागा झालो तेव्हा सर घरी गेले होते आणि माझ्या अंगावर कोणीतरी लॅबकोट टाकला होता. तो सरांचा होता.

सकाळी सर तिच्याआधी आले होते. ती आली ती आवाज बसलेला, मानेवर हळदीचा पट्टा राहिलेला. फ्लास्कमध्ये पांढऱ्या सुया उभ्या होत्या, गर्दी करून, काचेला टेकून. तिने गाळलं, वाळवलं, तोललं. प्रबंधात लिहिलं होतं त्यापेक्षा वजन किंचित कमी भरलं. शुद्धता चोख होती. ती म्हणाली, सर, वजनाचा आकडा मी कमी करून लिहिते. सर म्हणाले, हो, कर. मग बराच वेळ त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"तुझं ते बेंजोचं मला अजूनही पटलेलं नाही."

"पटू देऊ नका, सर. सही करा."

त्यांनी केली.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं, पण डॉक्टर झाल्यावर नोकरीच्या मुलाखती असतात. तिथे शेवटी विचारतात, तुमचे छंद कोणते? अख्खा महाराष्ट्र या प्रश्नाला वाचन म्हणतो. मीही म्हणालो, मला तिच्यानंतर दोन वर्षांनी का होईना डिग्री आणि नोकरी मिळाली, आणि मी शेवटचं पुस्तक कधी वाचलं ते कोणी विचारलं नाही. करुणाताई म्हणायची, बेंजो वाजवते, हळदीत. पहिल्या ठिकाणी समितीतले लोक हसले. नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी समजुतीच्या स्वरात सुचवलं, की तुम्ही संगीत म्हणा ना नुसतं. ती म्हणाली, संगीत म्हटलं की तुम्ही सतार धराल. तिथेही मिळाली नाही. मी फोनवर म्हटलं, ताई, वाचन म्हण गं एकदा. तिने फोन ठेवला. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी मिळाली. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या बाजूला एक छोटं कॉलेज आहे, तिथे ती आता शिकवते. तिथल्या समितीने काय विचारलं आणि तिने काय सांगितलं ते मला माहीत आहे असं मला वाटतं.

गेल्या वर्षी मी अंबरनाथ पश्चिमेला भाजीच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होतो. ट्रॅफिक ठप्प. समोर पार्टीचा टेम्पो अडकलेला, मागे स्पीकर, ढोलक्या आणि लाल जाकिटं, पुढे ड्रायव्हरच्या शेजारी डॉक्टर करुणा. मांडीवर मुलांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांचा गठ्ठा, हातात लाल पेन. खिडकीशी जाऊन मी हाक मारली. तिने मान वर केली नाही, फक्त पेन उचलून थांब म्हणाली.

मी खिडकीतून डोकावलो. कोण्या मुलाचा टायट्रेशनचा प्रयोग होता. पानाच्या समासात वरपासून खालपर्यंत त्याने पेन्सिलने घोडा काढलेला, चौखूर उधळलेला, आयाळ थेट निष्कर्षाच्या ओळीपर्यंत गेलेली. आमच्या सरांनी ते पान फाडून हातात दिलं असतं. मी बहुधा सही करून गप्प बसलो असतो, भांडण नको म्हणून. ती रीडिंगच्या रकान्यावरून पेन खाली खाली नेत होती. तिसऱ्या ओळीवर थांबली. आकडा चुकला होता. तिने त्याच्याभोवती लाल गोल काढला, शेजारी 'पुन्हा करून दाखव' लिहिलं, सही केली आणि पान उलटलं. घोड्याला हात लावला नाही.

पुढची गाडी हलली तसा टेम्पोही हलला. "हळद आहे, येतोस का?" तिने विचारलं, पण तोवर ती पुढे गेली होती आणि माझ्या दोन्ही हातांत भाजी होती.